साइट वर्ड: पाठ करून घेण्याआधी

इंग्रजी वाचायला नुकतंच लागलेलं मूल 'कॅट', 'पिन', 'हॉट' हे शब्द आवाज जोडून व्यवस्थित वाचतं आणि पुढच्याच ओळीत 'सेड'पाशी अडतं. अक्षरं चार: एस, ए, आय, डी. शिकल्याप्रमाणे एकेक आवाज जोडला तर 'सॅइड' असं काहीतरी होतं, आणि असा शब्द त्याने कधी ऐकलेला नसतो. मोठी माणसं म्हणतात, "हा शब्द असाच असतो, नुसता लक्षात ठेव." मग घरात कार्डांचा गठ्ठा येतो. आठवड्याला वीस शब्द, रोज संध्याकाळी घोकंपट्टी. महिन्याभरात मूल 'वॉज'ला 'सॉ' आणि 'देअर'ला 'व्हेअर' म्हणायला लागतं आणि सगळ्यांचाच आवाज चढतो.

यात दोष मुलाचा नसतो, कार्डांचाही फारसा नसतो. "नुसता लक्षात ठेव" हा सल्लाच फसवा आहे.

साइट वर्ड म्हणजे बघताक्षणी ओळखू येणारा शब्द. तुम्हाआम्हाला वाचता येणारे जवळजवळ सगळेच शब्द या अर्थाने साइट वर्ड आहेत. 'एलिफंट' हा शब्द दिसला की आपण अक्षरं जोडत बसत नाही. शिकवण्याच्या बोलीत मात्र या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. एक म्हणजे पानोपानी भेटणारे शब्द: द, अँड, इन, इट, वॉज. दुसरी म्हणजे ज्यांचं स्पेलिंग उच्चाराशी पूर्ण जुळत नाही असे शब्द: सेड, वन, ऑफ, दे. 'अँड', 'इन', 'इट', 'कॅन', 'डिड' हे शब्द सतत येतात, पण त्यांच्यात अवघड काही नाही. आवाज जोडले की शब्द झाला. ते कार्डावर लिहून पाठ करून घेणं म्हणजे ज्याला बेरीज येते त्याला दोन अधिक तीनचं उत्तर घोकायला लावणं.

शाळेतून किंवा इंटरनेटवरून मिळणाऱ्या बहुतेक याद्या दोनच मुळांवरून आलेल्या असतात. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ एडवर्ड डॉल्च यांनी १९३६ मध्ये २२० शब्दांची यादी मांडली. तिच्यात नामं मुद्दाम घेतलेली नाहीत. ९५ नामांची यादी वेगळी आहे. अमेरिकी वाचनतज्ज्ञ एडवर्ड फ्राय यांची यादी त्यानंतरची, पुढे वाढत जाऊन १००० शब्दांची झालेली. तिच्यातले पहिले शंभर शब्द मिळून छापील इंग्रजी मजकुराचा जवळपास निम्मा भाग होतो. या शंभरांवर एवढा भर का, हे त्यावरून कळतं. पण या याद्या शब्द किती वेळा येतो यावर बेतल्या आहेत. तो शिकायला सोपा की अवघड, कोणत्या शब्दाबरोबर शिकवावा, हे त्यांतून कळत नाही. त्यामुळे यादी वरून खाली उतरत जायचं कारण नाही. हातात पेन घेऊन आधी तिचे दोन भाग करा: सरळ आवाज जोडून वाचता येणारे आणि न येणारे. पहिल्या भागाला कार्ड नको, तो नेहमीच्या वाचनात आपोआप होतो. दुसरा भाग बराच लहान निघतो, आणि तेवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप.

शब्द डोक्यात कसा बसतो

समजूत अशी असते की मूल शब्दाचा फोटो काढून ठेवतं. म्हणून फोटो जितक्या वेळा दाखवू तितका पक्का. पण वाचन असं चालत नाही. एखाद्या शब्दातली अक्षरं एक लहान, एक मोठं अशी आलटून पालटून लिहिली तर शब्दाची बाह्याकृती पार बदलते, तरी सराईत वाचक तो वाचतो. म्हणजे तो आकृती ओळखत नसून अक्षरं ओळखत असतो, फक्त फार वेगाने.

वाचनाच्या अभ्यासक लिनिया एरी यांनी या प्रक्रियेचं नीट वर्णन केलं आहे. शब्दाचा उच्चार आणि अर्थ मुलाच्या डोक्यात आधीपासून असतो. छापील अक्षरं त्या उच्चारातल्या एकेका आवाजाला जाऊन चिकटतात, आणि ही चिकटण पक्की झाली की शब्द दिसताक्षणी आवाज आणि अर्थ दोन्ही एकदम हजर होतात. याला ऑर्थोग्राफिक मॅपिंग म्हणतात. 'सेड'मध्ये तीन आवाज आहेत. पहिल्याला एस चिकटतो, शेवटच्याला डी, आणि मधल्याला ए-आय ही जोडी. तीनपैकी दोन जागी सगळं नियमाप्रमाणे आहे. खोड फक्त मधे आहे.

फोटो काढणाऱ्या मुलाचं सुरुवातीला बरं चालतं. पंधरा-वीस शब्द तो लांबीवरून, पहिल्या अक्षरावरून, कार्डाच्या दुमडलेल्या कोपऱ्यावरून ओळखतो. मग 'देन', 'देम', 'दे', 'देअर' एकत्र समोर येतात. सगळे टी-एच-ई ने सुरू होतात, चार नाहीतर पाच अक्षरांचे, फोटोत एकसारखे. इथे त्याची पद्धत कोसळते. "परवा तर सगळे येत होते!" ही तक्रार साधारण याच टप्प्यावर ऐकू येते.

मराठी घरातल्या तीन अडचणी

इंग्रजीत लिहिलेल्या मार्गदर्शनात या सापडत नाहीत, म्हणून जरा थांबून.

पहिली अडचण आपल्या व्यंजनांत दडलेल्या 'अ'ची. आपण 'ब' म्हणतो तेव्हा त्यात अ असतोच. मुलाला "ब, ॲ, ट" असं सांगितलं की ते जोडून 'बअॅटअ' असं म्हणतं आणि त्यातून 'बॅट' ऐकू येत नाही. आवाज पाय मोडून सांगायला हवा: ब्, ॲ, ट्. स्, म्, न्, फ्, ल् हे लांबवता येतात, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून सोपी: "सssss". ब्, ट्, ड्, क् हे लांबवता येत नाहीत, ते तुटक आणि हलके म्हणायचे. हे काम आधी मोठ्यांनी स्वतः आरशासमोर पाच मिनिटं करून बघावं. बाराखडीची सवय आपल्याही जिभेवर घट्ट बसलेली असते.

दुसरी, काही आवाज आपण एकच समजतो. डब्ल्यू आणि व्ही दोन्हीला आपण 'व' म्हणतो, त्यामुळे मूल 'वुई' लिहिताना व्ही लिहितं. उपाय ओठांचा आहे: डब्ल्यूला ओठ फुंकर मारल्यासारखे गोल, व्हीला वरचे दात खालच्या ओठावर. 'वॉज', 'इज', 'हिज', 'हॅज' या शब्दांच्या शेवटी एस आहे पण तो 'स' वाजत नाही, 'जरा'मधल्या 'ज'च्या जवळ वाजतो. चारही शब्द एकत्र शिकवले तर एकाच खोडीत चार शब्द पदरात पडतात.

तिसरी अडचण अर्थाची. 'ऑफ', 'टू', 'फ्रॉम', 'द' या शब्दांना मुलाच्या मनात धरायला काही नसतं. मराठीत हे काम विभक्तीचे प्रत्यय करतात आणि ते नामाला चिकटलेले असतात: झाडाचा, झाडाला, झाडापासून. 'द'ला तर आपल्याकडे जोडच नाही. म्हणून या शब्दांचा अर्थ एकेकटा सांगायला जाऊ नये. ते कायम जोडीने द्यावेत: 'ऑफ द ट्री', 'टू द ट्री', 'फ्रॉम द ट्री'. झाडाचं एक चित्र काढून पान कुठून पडलं, चिमणी कुठे गेली, फांदी कुणाची, असं बोट फिरवत तीन वेळा म्हटलं की फरक कळतो.

जाता जाता, स्पेलिंगची खोड फक्त इंग्रजीतच असते असंही नाही. 'चमचा'मधला च आणि 'चहा'मधला च आपण वेगवेगळे उच्चारतो, लिहितो मात्र एकच. मराठी वाचणाऱ्या मुलाला हे दाखवलं तर "लिहायचं एक आणि म्हणायचं जरा वेगळं" ही कल्पना त्याला परकी वाटत नाही.

सुरू कधी करायचं

वय विचारण्यापेक्षा तीन गोष्टी तपासा. मुलाला पंधरा-वीस इंग्रजी अक्षरांचे आवाज येतात का? नावं नव्हे, आवाज. 'फिश' शब्द सुरू कोणत्या आवाजाने होतो हे ते सांगू शकतं का? आणि तुम्ही "स्… अ… न्" असं तोडून म्हटलं तर ते 'सन' असं जोडू शकतं का? हे तिन्ही जमत असेल तर सुरुवात करा. जमत नसेल तर कार्डं कपाटात ठेवा आणि महिनाभर याच गोष्टी तोंडी खेळा. अक्षरांचे आवाज माहीत नसलेल्या मुलाकडे शब्दाचा फोटो काढण्यावाचून दुसरा मार्गच नसतो.

एक शब्द, पाच मिनिटं

'सेड' घेऊ. कागद, पेन्सिल आणि तीन बटणं किंवा खडे लागतील.

कार्ड आधी दाखवायचं नाही. शब्द कानाने येऊ दे. "सेड म्हणजे म्हणाला किंवा म्हणाली. आई सेड नो. बाबा सेड येस. आता तू एक सांग." मुलाने शब्द वापरून अर्धंमुर्धं का होईना वाक्य केलं की पुढे.

आता कागदावर शेजारी शेजारी तीन चौकोन काढा, प्रत्येकी साधारण तीन सेंटिमीटरचे. शब्द हळू म्हणायचा आणि प्रत्येक आवाजाला एक बटण चौकोनात सरकवायचं: स्, ए, ड्. चौकोनांची ही युक्ती सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ दानिल एल्कोनिन यांच्या नावाने ओळखली जाते. बटणं सरकवायची ती मुलाने. मोठ्यांचा हात मधे आला की कान बंद होतो. मूल चार बटणं सरकवत असेल तर बहुधा त्याला अक्षरं आठवताहेत. "डोळे मिट, फक्त ऐक," एवढं सांगणं पुरतं.

तीन आवाज पक्के झाले की बटणं काढा आणि विचारा, "पहिल्या आवाजाला कोणतं अक्षर?" एस ते स्वतःच सांगतं. "शेवटच्याला?" डीही सांगतं. दोन्ही त्यालाच लिहू द्या. मधल्या चौकोनाची वेळ आली की आपण सांगायचं: "इथे ऐकू येतं ए, आणि लिहायचं ए-आय, दोघं मिळून एक आवाज." दोन्ही अक्षरं एकाच चौकोनात बसवा आणि वर छोटा बदाम काढा. बदाम म्हणजे एवढाच तुकडा मनात ठेवायचा, बाकीचा शब्द आवाजाप्रमाणेच आहे. इंग्रजीत शिकवणारे अशा शब्दांना हार्ट वर्ड म्हणतात.

मग चौकोनांखाली बोट सरकवत वाचणं. मग शब्द झाकून, आवाज म्हणत म्हणत लिहिणं, उघडून ताडून बघणं. असं तीन वेळा, दहा वेळा नाही. पाचव्या खेपेपासून हात लिहितो आणि डोकं भलतीकडे असतं. शेवटी एक वाक्य: 'सॅम सेड नो.' बास.

कार्ड आत्ता करायचं, शब्द समजल्यानंतर, आठवणीसाठी.

खोडीमागचं कारण सांगितलं तर

पाच-सहा वर्षांच्या मुलाला भाषेचा इतिहास सांगायचा नाहीये. पण एका वाक्यात कारण मिळालं तर विचित्र स्पेलिंग टिकतं, आणि एका कारणात पाच शब्द सुटतात. काही हाताशी असू द्यात.

'हॅव', 'गिव्ह', 'लिव्ह' यांच्या शेवटी ई कशाला? कारण इंग्रजी शब्द सहसा व्ही वर संपत नाही, त्याला टेकू म्हणून ई लागतो. हे एकदा कळलं की पुढे 'लव्ह' आणि 'अबव्ह'मधला ईसुद्धा खटकत नाही.

'टू' म्हणजे दोन, त्यात डब्ल्यू का? त्याची भावंडं बघा: 'ट्विन', 'ट्वेल्व्ह', 'ट्वेंटी', 'बिट्वीन'. सगळीकडे डब्ल्यू ऐकू येतो आणि सगळीकडे दोनाचा संबंध आहे. मोठ्याने म्हणून घ्या, मुलांना हे फार आवडतं.

'वॉज'मधला ए 'ऑ'सारखा का? डब्ल्यूच्या शेजारी ए बसला की तो बहुतेक वेळा असाच बदलतो: 'वॉश', 'वॉच', 'स्वॉन', 'वॉन्ट', 'व्हॉट'. म्हणजे 'वॉज' अपवाद नाहीच, तो एका मोठ्या टोळीतला आहे.

'सेड' हा 'से'चा भूतकाळ. 'पे'चा 'पेड', 'ले'चा 'लेड', तिन्हीत ए-आय-डी. लिहिणं तसंच राहिलं, 'सेड'चा उच्चार तेवढा आखूड झाला. 'डझ' म्हणजे 'डू' अधिक ई-एस, जसं 'गो'चं 'गोज'.

'हिअर', 'देअर', 'व्हेअर' तिन्ही जागेबद्दल बोलतात आणि तिन्हींच्या पोटात एच-ई-आर-ई आहे. 'वेअर नाही, वर' असा उच्चार होणारा डब्ल्यू-ई-आर-ई जागेबद्दल बोलत नाही, म्हणून त्यात एच नाही. या चौकडीत मोठी मुलंही गोंधळतात, त्यामुळे 'हिअर' आणि त्याची दोन भावंडं आधी पक्की करून 'वर' दोन-तीन आठवड्यांनी आणा.

'वन'ला मात्र सोपं कारण नाही. जुना उच्चार 'ओन'च्या जवळचा होता आणि तो 'अलोन', 'ओन्ली' यांत उरला, एवढं मोठ्यांनी स्वतःसाठी माहीत असू द्यावं. मुलाला सांगायचं, "हा पूर्ण बदामाचा शब्द." 'ऑफ'मधला एफ व्हीसारखा वाजतो, तोही तसाच एकटा. असे हाडाचे अपवाद हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघतात.

कोणते शब्द एकत्र, कोणते लांब

एकाच खोडीचे शब्द एकत्र द्या: 'ही', 'शी', 'वुई', 'मी', 'बी' पाचही एका दिवसात होतात. 'नो', 'गो', 'सो' तसेच. 'माय' आणि 'बाय' जोडीने.

दिसायला सारखे आणि वाजायला वेगळे शब्द एका आठवड्यात कधीच नकोत. 'वॉज' आणि 'सॉ', 'ऑन' आणि 'नो', 'ऑफ' आणि 'फॉर' आणि 'फ्रॉम', 'वॉन्ट' आणि 'वेन्ट'. एक आधी, तो सरळ यायला लागला की मग दुसरा. दोन्ही एकदम शिकवून "बघ, यांत फरक आहे" असं दाखवण्याचा मोह होतो. त्याने फरकाऐवजी गोंधळच पक्का होतो.

उलटसुलट वाचण्याबद्दल एक गोष्ट लक्षात असावी. कप डावीकडे कान केला काय आणि उजवीकडे केला काय, कपच असतो. मुलाच्या डोळ्यांनी आजवर हेच शिकलेलं असतं. बी आणि डी हे दिशेने वेगळे होणारे पहिलेच आकार त्याला भेटतात. सहा-सात वर्षांपर्यंत ही अदलाबदल सर्रास दिसते आणि तेवढ्यावरून काळजी करायचं कारण नाही. 'वॉज'चं 'सॉ' झालं तर पहिल्या अक्षराखाली एक हिरवा ठिपका द्या: इथून निघायचं.

कार्ड आणि उजळणी

कार्ड साधं पांढरं, पोस्टकार्डापेक्षा थोडं लहान. काळ्या मार्करने, लहान (स्मॉल) लिपीत. मोठ्या लिपीतले शब्द पुस्तकात क्वचितच भेटतात. ए आणि जी मुलाला हाताने लिहायला शिकवले तसेच काढा. छपाईतला डोक्यावर छप्पर असलेला ए वेगळा दिसतो, त्याची ओळख नंतर करून द्या. चित्र काढायचं नाही, कारण चित्र असलं की मूल चित्रच वाचतं. सगळी कार्डं एका रंगाची, एका मापाची. एखादं मळलं, फाटलं, तर ते बदला, कारण डागावरून शब्द ओळखण्यात मुलं पटाईत असतात. मागच्या बाजूला तो शब्द असलेलं छोटं वाक्य.

नवे शब्द आठवड्याला दोन ते तीन. ऐकायला कमी वाटतं, पण चाळीस आठवड्यांत शंभराच्या आसपास जातात, आणि अवघड शब्द मुळात तेवढे नाहीत. रोजच्या गठ्ठ्यात दहा कार्डं असावीत: आठ येणारी, दोन नवी. नव्या कार्डानंतर दोन ओळखीची, मग पुन्हा तेच नवं, मग चार ओळखीची, पुन्हा नवं. मधलं अंतर वाढवत न्यायचं. सगळीच नवी कार्डं असतील तर मूल सतत चुकतं आणि चुकीचा उच्चारच जास्त वेळा म्हणतं.

तीन डबे ठेवा. नवं कार्ड पहिल्या डब्यात, तो रोज उघडायचा. तीन वेगवेगळ्या दिवशी मुलाने शब्द न अडखळता, साधारण एका सेकंदात म्हटला की कार्ड दुसऱ्या डब्यात, तो आठवड्यातून दोनदा. तिथे टिकलं की तिसऱ्यात, तो पंधरवड्यातून एकदा. कुठेही अडखळलं तर कार्ड गाजावाजा न करता पहिल्या डब्यात परत. एका दिवसात वीस वेळा म्हटलेला शब्द रात्रीत उडतो, चार दिवसांत पाच वेळा आठवावा लागलेला टिकतो. सगळं मिळून दहा मिनिटं, आठवड्याचे पाच दिवस. मूल रंगलेलं असतानाच थांबा.

मूल अडलं तर मनात तीन आकडे मोजेपर्यंत थांबा. मग उत्तर न देता आणि "कालच तर सांगितलं" असंही न म्हणता, शब्दातल्या सरळ भागावर बोट ठेवा: "हा आवाज कोणता?" नंतर बदामाचा भाग स्वतः सांगा आणि जोडायचं काम त्याला द्या. "चित्र बघ आणि ओळख" हे मात्र कधीच नको. त्याने त्या वेळेपुरती गाडी पुढे जाते आणि अक्षरांवरून नजर उचलायची सवय लागते. 'होम'च्या जागी 'हाऊस' वाचणारं मूल असंच तयार होतं.

खेळांबद्दल थोडं कडक

मातीचे शब्द, चमकीचे शब्द, रंग भरायचे शब्द यांत मुलं रमतात, पण वीस मिनिटांतली अठरा मिनिटं माती मळण्यात जातात. अक्षरांच्या जाळ्यातून शब्द शोधण्याच्या कोड्यातही मूल आकार जुळवतं, शब्द एकदाही म्हणत नाही. जोड्या लावण्याच्या खेळाचंही तेच. तो वाया घालवायचा नसेल तर एकच नियम करा: शब्द मोठ्याने वाचल्याशिवाय जोडी उचलायची नाही.

मोबाइलवरच्या बहुतेक खेळांत आवाज ऐकून चार शब्दांपैकी एकावर बोट ठेवायचं असतं. पहिलं अक्षर बघून ते जमतं. समोर एकच शब्द आणि आवाज आपल्याच तोंडातून काढायचा, ही वेगळीच कसोटी आहे. मोबाइलवर पन्नास शब्द येणारं मूल कागदावर वीसच वाचतं, त्यात नवल काही नाही.

बरे खेळ साधे असतात. जिन्याच्या पायऱ्यांवर पाच कार्डं, वाचत वाचत चढायचं. किंवा एक पान उघडून, "यात 'वॉज' किती वेळा आलाय? प्रत्येक वेळी वाक्यासकट वाच."

कार्डावर येणारा शब्द पुस्तकात न येणं ही फार जुनी तक्रार आहे. म्हणून शब्द खरोखर आला का हे कार्डावर तपासू नका. वेगळ्या शाईने, वेगळ्या अक्षरात, वाक्याच्या मधोमध लिहून बघा. वाचनाची पुस्तकंही अशी निवडा की बहुतेक शब्द आवाज जोडून वाचता येतील आणि मधूनमधून शिकलेले बदामाचे शब्द भेटतील. एका ओळीत तीन-चार अनोळखी शब्द असतील तर ते पुस्तक तुम्ही वाचून दाखवा, मुलाच्या वाचनासाठी ते अजून लवकर आहे.

काहीच टिकत नसेल तर

आधी शब्द कमी करा, आठवड्याला एक. मग मागे जाऊन अक्षरांचे आवाज पुन्हा तपासा. बऱ्याचदा गळती तिथेच सापडते. डोळे आणि कान तपासून घ्या, विशेषतः वारंवार सर्दी आणि कानदुखी होणाऱ्या मुलाचे. बटणं सरकवताना आवाज सुटे ऐकूच येत नसतील, दोन-तीन महिने नेमाने करूनही दहा शब्द स्थिर होत नसतील, किंवा घरात आणखी कुणाला वाचनाचा त्रास झालेला असेल, तर वाट बघत बसू नये. वाचनातल्या अडचणी तपासणाऱ्या तज्ज्ञाला दाखवावं. डिस्लेक्सिया असेल तरी शिकवण्याचा मार्ग बराचसा हाच राहतो: आवाज, चौकोन, अक्षरं, लिहिणं. फक्त पायऱ्या लहान होतात आणि उजळणी कितीतरी पटीने वाढते.

बहुतेक मुलांच्या बाबतीत साठ-सत्तर अवघड शब्द झाल्यावर एक बदल दिसतो. नवा शब्द दोन-चार वेळा वाचनात आला की कार्डाशिवायच बसायला लागतो. असं दिसलं की नवी कार्डं बंद करा. पहिल्या डब्यात तेव्हाही 'वर', 'व्हेअर' आणि 'ऑफ' हे हट्टी शब्द पडलेले असतील. ते दाखवून जात नाहीत. तुम्ही वाक्य सांगा आणि मुलाला लिहू द्या, रोज एक.